उन्हाळ्यातलं काम पाळीवर चालतं

उदगीरच्या एका ताईंनी विचारलं आहे : ‘आमचा वीसेक जणांचा गट आहे. दोन वर्षं गुढीपाडव्याला पाणपोई आणि मुलांचं सुट्टीतलं शिबिर सुरू करतो. पहिल्या दिवशी चाळीस माणसं असतात, मे लागेपर्यंत आम्ही तिघंच उरतो. माणसं टिकत का नाहीत? आणि आमच्यासारख्या लहान शहरात उन्हाळ्यात कोणते उपक्रम खरोखर चालतात?’

ताई, मी लातुरात शिक्षक होतो आणि बावीस उन्हाळे हेच काम करतोय. जे हाताखालून गेलंय तेवढंच सांगतो.

तुमची माणसं आळशी नाहीत. ती आली, थोडा वेळ उभी राहिली, आपल्यावाचून इथं काही अडत नाही हे त्यांना कळलं आणि ती गेली. ‘उद्या सकाळी सर्वांनी यावे’ असा निरोप ग्रुपवर टाकला की प्रत्येकाला वाटतं, बाकीचे जातीलच. तेच एखाद्याला बाजूला घेऊन ‘मंगळवारी सकाळी सहाला रांजण तुम्ही घासायचा, ही घ्या किल्ली’ असं म्हणा. तो मंगळवारी येतो. तो आला नाही तर पाणपोईचं कुलूप उघडत नाही आणि ते अख्ख्या स्टँडला दिसतं. शेताला पाण्याची पाळी असते तशीच ही पाळी. रात्री दोनला पाळी आली तरी शेतकरी उठून जातो की नाही? कारण ती त्याची असते.

आमचा हिशेब असा आहे. दिवसाच्या तीन पाळ्या : सकाळी घासून भरायची, दुपारी बसून नजर ठेवायची, रात्री पुन्हा भरून ठेवायची. सात दिवसांच्या एकवीस पाळ्या. एका माणसाला आठवड्यातून एकच द्यायची, आणि चार माणसं राखीव ठेवायची. म्हणजे पंचवीस माणसं लागतात, तुमच्या वीस जणांना आणखी पाच जोडा. नव्या उत्साहात एखादा म्हणेल, ‘मी रोज येतो.’ त्याला रोज येऊ देऊ नका. तो पंधरा दिवसांत थकतो, आणि तो आहेच म्हणून बाकीचे सैल पडतात. दोन्हीकडून नुकसान होतं.

माणसं शोधायची कुठे, यात माझा अनुभव बहुतेकांपेक्षा वेगळा आहे. कॉलेजची पोरं चांगली, पण एप्रिल-मेमध्ये त्यांच्या विद्यापीठाच्या परीक्षा असतात आणि त्या संपल्या की ती गावी जातात. त्यांच्यावर रोजचं काम टाकलं तर ते मोडणारच. त्यांना एका दिवसाची मोठी कामं द्या, ती पुढे सांगतो. रोजच्या कामाला लागतात ती त्याच जागेवर पोट असलेली माणसं. आमच्या दुपारच्या पाळ्या आज तीन रिक्षावाले, काकडी-कलिंगडाची गाडी लावणाऱ्या एक मावशी आणि स्टँडवरचा एक जुना हमाल सांभाळतात. ही माणसं त्या उन्हात असतातच. पाणपोईचं पाणी सगळ्यात आधी तीच पितात, म्हणून पाण्याला वास आला तर सगळ्यात आधी त्यांनाच कळतो. आम्ही मात्र पहिली पाच वर्षं त्यांना ‘लाभ घेणारे’ समजत राहिलो आणि स्वयंसेवक कॉलनीतून आणत राहिलो.

सकाळची पाळी निवृत्त मंडळींना द्या. ती पाचला उठलेलीच असतात आणि फिरायला जाण्यापेक्षा त्यांना हे आवडतं.

आणखी एक मार्ग आपल्या चालीरीतींत तयारच आहे. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याने भरलेला घट दान देतात. त्या दिवशी लोक माठ आणून देतात. माठ घेताना आम्ही विचारतो, ‘नावाने माठ देताय, मग पाळीही घ्याल का?’ दहातले दोन-तीन हो म्हणतात, आणि ती माणसं वर्षानुवर्षं टिकतात. एका आजींनी यजमानांच्या नावाने रांजण दिला आणि गुरुवारची सकाळ घेतली, कारण ते गुरुवारी गेले होते. अकरा वर्षं त्यांचा गुरुवार चुकला नाही. गुडघे गेल्यावर त्यांनी सुनेला पाठवायला सुरुवात केली, पण भरून झालं की फोनवरून विचारायच्या, ‘काठापर्यंत भरलास ना?’

आता पाणपोईबद्दल जरा बारकाईने सांगतो, कारण तुमचं मुख्य काम तेच आहे आणि बऱ्याच पाणपोया वाईट पाण्यामुळेच बंद पडतात. मोठं छत, बॅनर, पुढाऱ्याचा फोटो याची काही गरज नसते. रांजण नवा असेल तर दोन दिवस भरून ठेवा आणि ते पाणी झाडांना घाला. मातीचा वास त्यात निघून जातो. विटांचा ओटा करून त्यावर वाळूचा जाड थर घाला, रांजण त्यात रुतवून बसवा आणि वाळू कायम ओली ठेवा. बाहेरून गोणपाट गुंडाळा, तोही ओला. आपल्याकडची कोरडी हवा इथं कामाला येते, पाणी झिरपून उडतं आणि आतलं गार राहतं. कोकणातल्या दमट हवेत हेच रांजण इतकं गार करत नाहीत. रात्री भरलं तर सकाळी नऊच्या पहिल्या गर्दीला पाणी गार मिळतं. सकाळी भरलेलं दुपारपर्यंत कोमटच राहतं. म्हणून रात्रीची पाळी महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोक टाळतात.

घासताना काथ्या किंवा ब्रश वापरा, साबण किंवा भांड्यांची पावडर अजिबात नको. माती साबण शोषून घेते आणि मग आठवडाभर पाण्याला तो वास येत राहतो. रांजणाला तळाशी नळ बसवून घ्या. आमच्याकडे आधी ओगराळं होतं, लांब दांड्याचं. माणूस घाईत असला की ओगराळं बाजूला सारून पेलाच बुडवतो, आणि एका हाताने सगळं पाणी नासतं. नळ आल्यापासून पोटाच्या तक्रारी ऐकू आल्या नाहीत. पाण्यात क्लोरिनचं द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच टाका आणि अर्धा तास कोणालाही पिऊ देऊ नका. नगरपरिषदेच्या आरोग्य किंवा पाणीपुरवठा विभागातल्या माणसाला आठवड्यातून एकदा ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरिन पुरेसं आहे का ते पाहणारी चाचणी, करायला बोलवा. ते येतात. आपण बोलवत नाही, एवढंच.

किती पाणी लागेल तेही आधी मांडा. पेला पाव लिटरचा धरला तर दोनशे लिटरच्या एका रांजणात आठशे पेले होतात. स्टँडवर बाजाराच्या दिवशी ते दुपारी बारालाच संपतात. पाण्याचा स्रोत पक्का नसेल तर पाणपोई सुरूच करू नका. दुपारी दोनला लांबून चालत आलेल्या माणसाला कोरडा नळ सोडायला लावणं फार वाईट. तिथं पाणपोई नसती तर त्याने दुसरीकडे तरी शोधलं असतं.

हे मी २०१६ मध्ये शिकलो. त्या वर्षी मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. घरी पंधरा-पंधरा दिवस नळाला पाणी नाही, अशा वेळी स्टँडवर पाणपोई चालवायची का, यावर आमच्या बैठकीत मोठ्याने भांडणं झाली. एक जण म्हणाला, ‘घरच्यांना तहानलेलं ठेवून परक्यांना पाणी पाजायचं हा कुठला धर्म?’ त्याचं चूक नव्हतं. शेवटी असं ठरलं : आठ गल्ल्या, प्रत्येक गल्लीने आपापल्या वारी पाणी द्यायचं, प्रत्येक घराने एकच कळशी, आणि ज्याच्याकडे टँकर आला नसेल त्याने द्यायची नाही. शिवाय पाणी फक्त पेल्याने द्यायचं, बाटली भरून द्यायची नाही. दोन महिने ती पाणपोई एक दिवसही कोरडी पडली नाही. त्याच उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत चिठ्ठ्यांचे नंबर वाटणं आणि म्हाताऱ्यांच्या घागरी उचलून घरापर्यंत पोचवणं हे आमचं दुसरं काम झालं. आमच्या आजच्या पाळीवाल्यांपैकी निम्मे त्या रांगेत भेटलेले आहेत. अडचणीच्या वर्षी माणूस काम मागायला आपण होऊन येतो. त्या वर्षी त्याला रिकामं परत पाठवू नका.

कॉलेजच्या पोरांसाठी एका दिवसाचं काम म्हणालो, ते वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचं. मेच्या पहिल्या रविवारच्या सुमारास ही परीक्षा असते. लातुरात त्या दिवशी किती गर्दी असते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. परीक्षा दुपारी दोनला, केंद्राचं फाटक दीडला बंद. पोरं आत गेली की आईबाप साडेपाचपर्यंत भिंतीच्या सावलीला सरकत बसतात, आणि मेमध्ये दुपारी भिंतीला सावली हातभर असते. तिथं चार गोष्टी करा. कापडी मांडव, पाणी, लिंबूसरबत, आणि चौथी फार कमी लोकांना सुचते : पिशव्या सांभाळण्याची खिडकी. खेड्यातून एकटं आलेलं पोर मोबाइल, घड्याळ, पाकीट ठेवणार कुठे? आत यातलं काहीच नेता येत नाही. आम्ही वहीत नाव आणि परीक्षा क्रमांक लिहून पिशवीला दोरीने चिठ्ठी बांधतो, दुसरी चिठ्ठी त्याच्या हातात. आणि एका खोक्यात सहा ते दहा नंबरच्या साध्या चपला. बूट घालून आत सोडत नाहीत, आणि दर वर्षी दोन-तीन मुलं बूट घालून आलेली असतात. पहिल्या वर्षी असाच एक मुलगा फाटकापाशी रडत होता. आमच्या एका कार्यकर्त्याने पायातली चप्पल काढून त्याला दिली आणि स्वतः डांबरावर अनवाणी उभा राहिला. दुसऱ्या वर्षीपासून खोकं आलं. त्या दिवसाला आम्हाला पंचवीस पोरं लागतात आणि चाळीस येतात. तुमच्याकडे केंद्र असेल तर इथूनच सुरुवात करा. नसेल तर तुमची दहा पोरं लातूरला पाठवा, काम शिकून जातील.

संध्याकाळचे कार्यक्रम. वसंत व्याख्यानमालेची आपली परंपरा जुनी आहे, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली ती सुरू केली आणि मग कितीतरी लहान गावांनी ती उचलली. उन्हाळाच का, तर दिवस मोठा असतो, शेतकऱ्याला आणि मास्तरांना सवड असते आणि रात्री अंगणात वारा असतो. तुमच्या उदगीरने तर २०२२ च्या एप्रिलमध्ये पंच्याण्णवावं अखिल भारतीय साहित्य संमेलन पार पाडलं आहे. त्या तीन दिवसांत ज्यांनी पाहुण्यांची, जेवणाची, पाण्याची व्यवस्था पाहिली ती माणसं आजही तुमच्या शहरात आहेत. त्यांच्याकडे जा. एवढा अनुभव घरात असताना बाहेर विचारत बसू नका.

वेळेबाबत मात्र मी कडक आहे. सकाळी साडेनऊनंतर आणि संध्याकाळी साडेसहाच्या आत उघड्यावर काहीही ठेवू नका. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर उन्हातल्या पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने चौदा माणसं गेली. तिथं आलेली माणसं श्रद्धेने आली होती आणि श्रद्धेने बसून राहिली. माणूस आपल्या शब्दावर उन्हात बसतो तेव्हा त्याचा जीव आपल्या हातात असतो. मैदानी भागात पारा चाळीसच्या वर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेला की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. तसा इशारा आला की कार्यक्रम पुढे ढकला. पत्रिका छापल्यात, पाहुणे निघालेत, ही कारणं नकोत.

दुसरा धोका वळवाचा. एप्रिल-मेमध्ये दुपारी चार-साडेचारला आभाळ काळं होतं, आधी धुळीचं वादळ, मग विजा. मंडपाचे बांबू उडालेले मी पाहिलेत. पत्र्याचा मंडप घेऊच नका. जवळचं एखादं मंगल कार्यालय किंवा शाळेचा हॉल आधीच सांगून ठेवा, आणि एकाच्या मोबाइलवर दामिनी अॅप चालू ठेवा, ते विजेची सूचना देतं. ध्वनिक्षेपकाला पोलिसांची परवानगी लागते आणि रात्री दहाला तो बंद करावाच लागतो, म्हणून कार्यक्रम साडेसहा-पावणेसातला सुरू करून साडेआठला संपवा. पाहुण्यांचा परिचय तीन मिनिटांत उरका. मैदानावर पाचलाच सडा मारून घ्या, सातपर्यंत जमीन निवते आणि म्हातारी माणसं खुर्ची सोडून सतरंजीवर बसतात.

उष्माघाताबद्दल प्रत्येक पाळीवाल्याला हे तोंडपाठ हवं. घाम थांबलाय, अंग भाजतंय, माणूस असंबद्ध बोलतोय, की १०८ ला फोन, लगेच सावली, कपडे सैल, मान-काख-जांघेत ओली फडकी आणि वारा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. नुसती चक्कर आणि थकवा असेल, शुद्ध पक्की असेल, तर ओआरएसचं पाणी. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. प्रमाण अंदाजे घेऊ नका, मीठ जास्त झालं तर अपाय होतो. हे आम्ही खडूने पाणपोईच्या भिंतीवरच लिहून ठेवलंय.

मुलांच्या शिबिराचं थोडक्यात सांगतो. सकाळी साडेसात ते साडेनऊ, दोनच तास. सलग तीस दिवसांचं ठेवू नका, लग्नं आणि मामाचं गाव यात मुलं निसटतात आणि शिकवणाऱ्याचा हिरमोड होतो. सहा-सहा दिवसांचे तुकडे करा, प्रत्येक तुकडा स्वतःत पुरा. एका तुकड्यात सुतारकाम, एकात गावातल्या जुन्या बारवा आणि वेशी पाहणं, एकात नुसतं मोठ्याने वाचणं. आणि कोणत्याही वेळी खोलीत किमान दोन मोठी माणसं हवीत, एकटं कोणीही नको, मग तो कितीही ओळखीचा असो. हा नियम पहिल्याच दिवशी पालकांसमोर सांगा.

एक रक्तदान शिबिर मात्र जरूर घ्या, आणि ते मेमध्येच घ्या. कॉलेजं बंद असल्यामुळे शिबिरं कमी होतात आणि रक्तपेढ्या रिकाम्या पडतात. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना सुट्टी नसते. दात्याचं वय अठरा ते पासष्ट, वजन किमान पंचेचाळीस किलो, हिमोग्लोबिन साडेबारा. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. शिबिर संध्याकाळी पाचनंतर, बंद हॉलमध्ये. आणि रक्तपेढीला आधीच विचारा की त्यांना किती पिशव्या हव्यात. लाल पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, त्यामुळे एका दिवशी दोनशे पिशव्या गोळा करण्यापेक्षा पंधरा दिवसांच्या अंतराने साठ-साठ कितीतरी बऱ्या.

पैशाचं. शक्य तितके रोख घेऊ नका. माठ घ्या, बर्फ घ्या, पेले घ्या, मंडपवाल्याकडून चार बांबू घ्या. जे रोख येईल ते त्याच दिवशी फळ्यावर लिहा, पाणपोईच्या शेजारी, जिथं रिक्षावालाही वाचेल. आमच्याकडे एका वर्षी हिशेब वहीत होता, वही एकाच्या घरी होती. कोणी काही खाल्लं नव्हतं, तरी कुजबुज सुरू झाली आणि सात जण गेले. त्यातले दोन परत आले, पाच आजही बोलत नाहीत. तेव्हापासून फळा.

उद्घाटनाला तुमच्याकडे चाळीस जण येतात असं तुम्ही लिहिलंय. यंदा उद्घाटन करू नका. पाडव्याच्या पहाटे पहिल्या पाळीच्या माणसाने कुलूप उघडावं, पहिला पेला स्टँड झाडणाऱ्या बाईंना द्यावा, आणि काम सुरू. सत्कार करायचाच तर मृगाच्या दिवशी करा, आणि त्याचा करा ज्याची एकही पाळी चुकली नाही. त्या दिवशी सगळ्यांना एकत्र बोलवा. रांजण घासून, उन्हात दोन दिवस वाळवून, आत कडुनिंबाचा पाला ठेवून पालथे घाला. पुढच्या वर्षीच्या एकवीस पाळ्यांची नावं तिथंच, ओल्या हाताने, वहीत लिहून घ्या. आणि ज्याची शेवटची रात्रपाळी असेल त्याच्याकडून किल्ली परत मागू नका, पाडव्यापर्यंत त्याच्याकडेच राहू द्या.